खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर मैदानात परत कधी उतरलात? (अनुभव धागा)

कोपरा_नं_१
आखाजीला गावी गेलो होतो, चोपड्याकडे. गच्चीवर दोरीला निळी पिशवी लटकवलेली, आत कपड्यांचे चिमटे. जवळ जाऊन बघतो तर माझी स्लिंग, हात गळ्यात अडकवायची झोळी! २०१९ ला उजव्या खांद्याची बँकार्ट (सारखा निखळणारा खांदा शिवायचं ऑपरेशन) झाली तेव्हा सहा आठवडे गळ्यात होती ती. आईला विचारलं तर म्हणे, "चांगलं मजबूत कापड शे, फेकू कसं?"
तर तेव्हाचं सगळं आठवलं. कबड्डीत राइट कॉर्नर खेळायचो. घोटा धरला, रेडर थांबलाच नाही, मला ओढत मध्यरेषेकडे निघाला, माझा हात तिकडे आणि मी इकडे. तिथेच कोणीतरी ओढून बसवला, दोन आठवड्यांत परत मैदानात. दुसऱ्यांदा निघाला तो गाडीच्या वरच्या बर्थवरून बॅग काढताना, तिसऱ्यांदा झोपेत कूस बदलताना. एमआरआयमध्ये खांद्याच्या वाटीच्या कडेचा लॅब्रम, म्हणजे कूर्चेची किनार, फाटलेला निघाला, दुर्बिणीने शिवला, टाके हाडात धरून ठेवायला तीन अँकर.
सहा आठवड्यांनी स्लिंग सुटली, मग लोलकासारखा हात हलवायचा, मग काठी धरून वर न्यायचा, नंतर रबरी पट्टी. चौथ्या महिन्यात दुखणं शून्य. हीच वेळ फसवी आहे बरं का. दारात मित्र बाइक घेऊन हजर, यात्रेचे सामने आहेत, नुसता उभा राहा कोपऱ्यात. नुसता उभा राहणारा कॉर्नर मी आजवर बघितला नाही. फिजिओने साफ नाही म्हटलं म्हणून गुण लिहायला बसलो आणि वहीवर राग काढला. साडेसहा महिन्यांनी उतरलो तर पहिल्या तीन चढायांना घोटा समोर असून सोडला. दुखत काहीच नव्हतं, हातच जाईना.
तुमचं कसं झालं, लिहा.

भुसावळ_पॅसेंजर
तुन्ही माय भारी शे भो 😂 आमच्याकडे सासऱ्यांच्या गुडघ्याच्या बेल्टने गॅसची टाकी बांधलीये

लाल_माती
मी नाही थांबलो. तालमीत वस्ताद विचारायचे "अजून किती दिवस बायकांसारखा बसशील", तीन महिन्यांत जोर सुरू, चौथ्यात कुस्ती. ढाक मारायला गेलो आणि खट्ट. आवाज आजही कानात आहे. परत फोटो काढले तर वाटीचं हाड पुढून झिजलेलं, नुसतं शिवून भागणार नव्हतं, मग लातार्जे केली म्हणजे खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा कापून वाटीला स्क्रूने बसवतात. पहिल्या वेळी घाई केली नसती तर दुसरं टळलं असतं का ते माहीत नाही पण मी तरी स्वतःलाच दोष देतो. आता पोरांना शिकवतो, स्वतः धरत नाही.

मेथीचे_लाडू
लाल_माती दादा, बायकांसारखा बसशील म्हणजे काय?? आमच्या घरात बसायला मिळतं कोणाला

लाल_माती
ताई माफी, वस्तादांचे शब्द होते ते 🙏

मेथीचे_लाडू
बरं माझं ऐका. वय ४७, बॅडमिंटन. ओल्या फरशीवर घसरले, रोटेटर कफ फाटला (खांदा फिरवणारे स्नायू हाडाला जिथे धरतात तो भाग), तो शिवला. मे महिना, जळगाव, ४५ डिग्री आणि छातीला घट्ट पट्टा. काखेत घामोळ्या, टाल्कम पावडरचे दोन डबे संपले. महिनाभर टेकून बसूनच झोपले, आडवं पडलं की कळ यायची. वेणी ह्यांनी घातली, दीड महिना, रोज तीच तिरकी वेणी, ऑफिसात मैत्रिणी विचारायच्या नवीन फॅशन का. नस हाडाला धरायला बारा आठवडे म्हणाले डॉक्टर, तोपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा त्या हाताने उचलायचा नाही.
पाच महिन्यांनी रॅकेट धरली ती फक्त कमरेखालची सर्व्हिस. डोक्यावरून स्मॅश नवव्या महिन्यात. पण खरी परीक्षा कोर्टवर नव्हती हो, ती खापरावरचे मांडे. दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा, मग अलगद खापरावर टाकायचा. पहिला मांडा थेट चुलीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं पीठ पुढे सरकवलं.

फिजिओ_धुळेकर
मेथीताई, नस नाही, स्नायूबंध. पेशंट सगळे नसच म्हणतात, मीही थकलो सांगून.
धाग्यावर एवढंच की नुसते महिने मोजू नका. हालचाल पूर्ण हवी, ताकद दुसऱ्या हाताच्या साधारण ९० टक्के तरी हवी, आणि चेंडू फेकायच्या पोझिशनला हात मागे नेला की "निघतो की काय" असं वाटायला नको. ते वाटतंय तोवर अंगावर येणारे खेळ नाही. कबड्डी, कुस्तीला सहसा सहा महिन्यांच्या आत पाठवत नाही आम्ही. कोपरा_नं_१ चं हात न जाणं पण नेहमीचं आहे, आधी गादीवर पडायची सवय, मग ओळखीच्या गड्याबरोबर हळू पकड, मग सामना.
आणि मैदानात कोणीही ओढून बसवू नका. आधी एक्स-रे. सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढून वाट लागते.

यॉर्कर_यावल
पण श्रेयस अय्यरचा मार्च २०२१ ला पुण्यात खांदा निखळला, एप्रिलमध्ये ऑपरेशन आणि सप्टेंबरला आयपीएल खेळला की. पाच महिने फक्त

तापीकाठ
त्याच्यामागे दिवसभर फिजिओ असतो भाऊ. आमच्यामागे केळीचे घड. बागेत मजूर आला नाही की पट्टी फेकून घड खांद्यावर घ्यावाच लागतो, माझं तर त्यातच बिघडलं, क्रिकेट राहिलं बाजूला.

यॉर्कर_यावल
हे पण खरंय. भाव काय चालू आहे सध्या?

तापीकाठ
नको विचारू

भुसावळ_पॅसेंजर
स्कूटी कधीपासून चालवली कोणी? माझं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, व्हॉलीबॉल लांबची गोष्ट, आधी स्टेशनपर्यंत तर जाऊ दे

मेथीचे_लाडू
तीन महिन्यांनंतर, तेही डॉक्टरांनी ब्रेक दाबून बघायला सांगितल्यावर. तुम्ही बातमी हळूच सांगितलीत की, ऑपरेशन झालंय म्हणून! शुगर आहे का? माझ्या दिराला होती, खांदा फार आखडला त्यांचा.

भुसावळ_पॅसेंजर
आहे ना ताई. कालच शेवभाजी हाणली, तर्रीसकट

फिजिओ_धुळेकर
शेवभाजीचं नंतर बघू, व्यायाम केला का आज?

भुसावळ_पॅसेंजर
😶

कोपरा_नं_१
करा हो पॅसेंजर. मी पकड परत लावली ती आठव्या महिन्यात, धुळ्याच्या सरांनी सांगितलं अगदी तसंच, लहान भावाला घरच्या गादीवर रेडर करून. तो कंटाळला, मी नाही.
आणि आईचा आत्ताच फोन आला, चिमट्यांची पिशवी भरली, म्हणे अजून एक भेटी का.