मदत हवी आहे: अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन दिवस, लेणी आणि किल्ले कसे बसवायचे?

परभणीचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी निघायलोत. यादी अशी: अजिंठा, पितळखोरा आणि घटोत्कच लेणी, अंतूर, वेताळवाडी, जंजाळा हे किल्ले आणि जमलं तर गौताळा अभयारण्यातली सीतान्हाणी. फिरायला पूर्ण दोन दिवस आहेत. मॅपवर सगळं जवळजवळ दिसायलंय, पण वेळ काही बसेना. क्रम सांगा आणि मुक्काम कुठं करावा तेही सांगा. जरा लवकर, खोल्या बुक करायच्यात.

घाटवाट
किती जण? गाडी कोणती? सोबत म्हातारं माणूस, लेकरं? आणि दोन दिवस म्हणजे नेमके कोणते वार?

डोंगरमाथा
वार नंतर बघू, आधी यादी कापा. यात दोन वेगळे टापू आहेत. पितळखोरा, गौताळा आणि अंतूर कन्नडच्या अंगाला. अजिंठा, वेताळवाडी, जंजाळा, घटोत्कच सिल्लोड-सोयगावच्या अंगाला. मॅपवर जवळ दिसतं कारण सगळं एकाच कड्यावर आहे. पण तो कडा खाली खानदेशात तुटतो आणि गाडीनं वर-खाली करायला मोजकेच घाट आहेत. मधे कन्नड-पिशोर-भराडी-सिल्लोड असा पठारावरचा रस्ता धरावा लागतो, त्यात अर्धा दिवस जातो. दोन दिवसांत एकच टापू घ्या.

बालाघाटचा_वारा
एवढं लांब कशाला? बीडजवळ कपिलधार, पाटोदा तालुक्यात सौताड्याचा रामलिंग धबधबा, येताना धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाई. सध्या तिथल्या विंचरणा नदीला पाणी आहे. परभणीहून हेच सोपं पडतं.

परभणीचा_वाटसरू
बालाघाट बघून झालाय दादा, अजिंठ्याचंच ठरलंय. आम्ही पाच जण, त्यात आई आणि एक लेकरू. गाडी वॅगन आर. शनिवारी दुपारी निघून रात्री मुक्कामी पोचू. रविवारी किल्ले, सोमवारी सकाळी गर्दी नसताना निवांत अजिंठा, मग परत. आता क्रम सांगा.

घाटवाट
सोमवारी अजिंठा बंद असतं. वार त्यासाठीच विचारला होता. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

परभणीचा_वाटसरू
बरं झालं सांगितलं. मग रविवारीच अजिंठा. पण रविवारी गर्दी लई असंल ना? आईचे गुडघे दुखतात, फार वेळ रांगेत उभं राहणं जमणार नाही.

घाटवाट
गुडघ्यांचं पहिल्या पोस्टीतच यायला हवं होतं, त्यावर सगळं बदलतं. आता नीट बघा.

शनिवारी परभणी-जालना-राजूर-भोकरदन-सिल्लोड असे या. संभाजीनगरात शिरायची गरज नाही. मुक्काम फर्दापूरला करा. लेणी तिथून जवळ आणि सकाळी अजिंठा घाट उतरण्यात वेळ जात नाही. सिल्लोडला राहिलात तर पहाटे घाट उतरावा लागेल, त्यात ट्रकमागे अडकलात की नऊचे साडेदहा होतात.

रविवारी पावणेनऊला टी पॉइंटवर, म्हणजे लेण्यांकडं वळणाऱ्या फाट्यावर. स्वतःची गाडी तिथंच लावावी लागते, पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसनं. बसचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. १५ वर्षांखालच्या लेकराला लेण्यांचं तिकीट लागत नाही. बस थांबते तिथून पहिल्या लेणीपर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत, आईंना खरा त्रास तिथंच होईल. डोलीवाले खालीच भेटतात. दर आधी ठरवा आणि जाऊन-येऊन धरूनच ठरवा. निम्म्यात डोली सोडली तर परतीला भेटेलच असं नाही.

चित्रवेडी
गर्दीवर एक उपाय आहे. आत शिरल्यावर १ नंबरला थांबू नका. सरळ शेवटाकडं २६ ला जा आणि उलटं बघत या. सगळा लोंढा १, २ मधे अडकलेला असतो, तेवढ्यात २६ मधली महापरिनिर्वाणाची मूर्ती शांतपणे बघून होते.

घाटवाट
सोबत गुडघ्याचं माणूस असताना हे चालणार नाही. १ आणि २ अगदी सुरुवातीला आहेत आणि चित्रांसाठी त्याच सगळ्यात मोलाच्या. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, त्यामुळं दहानंतर दारात रांग लागते. नऊला गेलं की रांगच नसते. आधी १, २, मग आईंनी बाकावर बसावं, बाकीच्यांनी १०, १६, १७, १९ आणि २६ करून यावं.

चित्रवेडी
मग निदान १६ आणि १७ पर्यंत तरी डोलीतून आईंना न्या. १७ मधली चित्रं बघितली नाहीत तर अजिंठा बघितलाच नाही. आणि आत शिरल्या शिरल्या घाई करू नका. उजेड मुद्दाम कमी ठेवलाय, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बरेच जण तेवढ्यात "काही दिसत नाही" म्हणून बाहेर पडतात. फ्लॅश चालत नाही. चप्पल काढावी लागते, तेव्हा बुटांपेक्षा सँडल बरी.

असईचा_माळ
भोकरदनवरून जाणार आहात तर असई आडवाटेनं जवळ आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीची शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली ती केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. जखमींना अजिंठा गावच्या गढीत ठेवलं होतं. तीही रस्त्यावरच लागते. लेण्यांवर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची नजर पडली ती त्यानंतर १६ वर्षांनी, १८१९ मधे.

परभणीचा_वाटसरू
माहिती चांगली आहे, पण शनिवारी तिथं पोचेपर्यंत अंधार पडंल. किल्ल्यांचं सांगा कुणीतरी.

कडेकपारी
किल्ला एकच करायचा तर अंतूर करा. एकामागं एक दरवाजे, वर तलाव, दर्गा आणि दिशादर्शक फारसी शिलालेखाचा दगड. तसा दगड सहसा बघायला मिळत नाही. नागापूर-खोलापूर मार्गे वाट आहे.

डोंगरमाथा
किल्ला उत्तम, पण यांना नको. खोलापूरच्या पुढची वाट कच्ची, सप्टेंबरात काळी माती चाकाला चिकटते. चाक आणि मडगार्डमधे चिखल भरला की वॅगन आर जागची हलत नाही. उंच गाडी किंवा पायी, दोनच पर्याय. आणि तो कन्नडच्या टापूत येतो, मग अजिंठा सोडावं लागेल.

कडेकपारी
खोलापूरला गाडी लावून चालत जातात लोक. दोन दिवसांत चार ठिकाणं धावत बघण्यापेक्षा हा एक किल्ला नीट बघितलेला बरा.

डोंगरमाथा
जाऊन-येऊन बारा-एक किलोमीटर चाल धरा. आई आणि लेकरू गाडीत बसून राहणार का? त्यांच्यासाठी वेताळवाडीच. हळदा घाटाचा डांबरी रस्ता किल्ल्याच्या कुशीतून जातो, तिथून दरवाजापर्यंत फार तर वीस मिनिटांची चढण. खालच्या वेताळवाडी गावातून चढलात तर तासभर लागतो, तिकडून जाऊ नका. दरवाजावर शरभ (सिंहासारखे कल्पित प्राणी) कोरलेत, वर धान्याचं कोठार, आणि टोकाला दोन कमानींची इमारत, तिथून सोयगावकडचा सगळा खालचा मुलूख दिसतो. आई गाडीजवळ थांबल्या तरी खालून तटबंदी पूर्ण दिसते.

रविवारी अजिंठ्यातून दीडला निघा, फर्दापूरला जेवा, सोयगावमार्गे तीनपर्यंत घाटात. सहाच्या आत खाली उतरा. सप्टेंबरात गवत कमरेएवढं असतं, पायवाटेवरचा दगड दिसत नाही आणि फुरसं हा विषारी साप असतो. पूर्ण पँट, घोट्यापर्यंत बूट, हातात काठी. तटाच्या कडेवर लेकराला जाऊ देऊ नका, गवताखाली काठ कुठं संपतो ते कळत नाही.

चित्रवेडी
किल्ल्यावर आणि लेण्यांतही अत्तर, सेंट लावून जाऊ नका, बिडी-सिगारेटचा धूर नको. कमानीखाली आग्या मोहोळ असतात. माश्या उठल्या तर हातवारे न करता अंगावर चादर घेऊन दूर व्हायचं.

परभणीचा_वाटसरू
हे पटलं. मग सोमवार? जंजाळा आणि घटोत्कच दोन्ही होतील का? आईला कितपत जमंल?

डोंगरमाथा
सोमवारी फर्दापूर सोडून हळदा घाटानंच वर या, उंडणगाव, अंभई, जंजाळा गाव. गाव पठारावरच असल्यानं किल्ल्यावर चढ असा नाहीच, सपाटीवरून चालत तटापर्यंत जाता येतं. घटोत्कच लेणी मात्र कड्याच्या पोटात आहे. पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण उतरलं तेवढं चढावं लागतं. पावसात त्यावर शेवाळ धरतं, उतरताना पाय आडवा टाका. आईंना अंभईच्या वडेश्वर मंदिरात बसवा. जुनं दगडी मंदिर आहे आणि पायऱ्यांचा त्रास नाही.

लेणी वाकाटकांच्या काळातली. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं ती खोदवली, आणि अजिंठ्याची १६ नंबरही त्यानंच. आदल्या दिवशी १६ नीट बघून ठेवा, मग इथल्या खांबांकडं बघताना जास्त कळतं. गावातून एखादा पोरगा सोबत घ्या. पठारावर गुरांच्या वाटा खूप फुटतात आणि लेणीच्या पायऱ्या वरून दिसत नाहीत.

असईचा_माळ
परतीला अन्व्याचं महादेव मंदिर चुकवू नका. गोळेगावाजवळून फाटा आहे, भोकरदन तालुक्यातच येतं, म्हणजे तुमच्या वाटेवरच. ओट्यावर चढायला थोड्याच पायऱ्या. बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या मूर्ती आहेत, फेरी मारून एकेक बघा.

बालाघाटचा_वारा
पितळखोरा सोडायला लावलं ते मात्र चूक. अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकं जुनं काम आहे ते.

डोंगरमाथा
जुनं आहेच, सातवाहन काळातलं, आणि हत्तींची रांग बघण्यासारखीच आहे. पण शेकडो पायऱ्या उतरून खाली जायचं, पावसात ओढा वाहत असतो, आणि तेवढंच परत वर. गुडघ्यांना ते झेपणार नाही. हिवाळ्यात कन्नडला मुक्काम करून पितळखोरा, गौताळा आणि अंतूर एकत्र करा.

परभणीचा_वाटसरू
ठरलं. पितळखोरा, अंतूर, गौताळा दिवाळीनंतर. फर्दापूरला दोन रात्रींच्या खोल्या बघायलोय. हळदा घाटात गाडी लावायला जागा आहे का? आई एकटीच गाडीत बसणार.

घाटवाट
दरवाजा दिसायला लागतो त्या वळणाच्या अलीकडं कडेला दोन-तीन गाड्या मावतील एवढी जागा आहे. डोंगराकडच्या बाजूला लावू नका, पावसात वरून दगड सुटतात. घाटात रेंज जाते-येते, म्हणून आईंसोबत एक मोठं माणूस थांबू द्या. पेट्रोल सोयगावलाच भरा.