'हेल्थ लिटरसी'ला मराठीत काय म्हणायचं? ('साक्षर' म्हटलं की हेडसर चिडतात)

वेलांटी
माझी मावसबहीण शिक्षणशास्त्रात पीएचडी करते. विषय आहे कोरोनाच्या काळातली मुख्याध्यापकांची 'हेल्थ लिटरसी' मोजणं. २०२१ मध्ये जर्मनीत असा अभ्यास झाला होता, त्याच धर्तीवर तिला कोल्हापूरच्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यात करायचाय. प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. प्रश्न तसे साधे आहेत. कोरोनाची माहिती मिळवणं, ती समजणं, खरी की खोटी ते ठरवणं आणि शाळेत वापरणं तुम्हाला कसं वाटलं? खाने चार: फार अवघड, अवघड, सोपं, फार सोपं.

मी वर मथळा घातला 'आरोग्य साक्षरता मापन' आणि आधी आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडसरांना भरायला दिली. त्यांनी चष्मा लावला, मथळा वाचला आणि उघडलेल्या पेनाला परत टोपण लावलं. "३४ वर्षं पोरास्नी बाराखडी शिकवली, आता माझी साक्षरता मोजणार व्हय?" चहा पाजला, पण कागद कोराच परत आला.

दुसरा शब्द सुचवा. 'जागृती' नको, त्याची फेरी निघते. 'ज्ञान'ही नको, प्रश्नावली ज्ञान तपासतच नाही.

मोडीप्रेमी
आधी एक दुरुस्ती. 'आरोग्यसाक्षरता' हा समास आहे, जोडून लिहा. शब्द उत्तम आहे, अर्थसाक्षरता आणि जलसाक्षरता चालते तर हीही चालेल. लोक चिडतात म्हणून शब्द बदलत बसलो तर मराठीत काही उरणार नाही. 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला, आज तो कुणाला खटकतो का?

गुऱ्हाळकर
महापौर निवडून येतो, म्हणून त्याला खटकत नाही. साक्षरतेचं तसं नाही. वाडीवस्तीवरच्या गुरुजींना साक्षरता म्हटलं की दारोदार फिरून निरक्षर शोधायचं सर्वेक्षण आठवतं, आणि त्याच्या आगंमागं जनगणना नि मतदारयादी. तुमचा मथळा बघून सरांना 'आलं आणखी एक काम' असं वाटलं असणार. आणि 'साक्षरा' उलटं वाचलं की काय होतं ते संस्कृतवाल्यांना विचारा.

मोडीप्रेमी
राक्षसा. त्या सुभाषिताचा दुसरा अर्धा भागही सांगा की. 'सरस' उलटा केला तरी सरसच राहतो.

डॉक्टरीणबाई
शब्दाचा इतिहास सांगते. इंग्रजीत 'हेल्थ लिटरसी' १९७४ पासून छापलेली सापडते, आणि तीही शाळेतल्या आरोग्यशिक्षणाच्या संदर्भातच. पुढं अर्थ वाढत गेला: वाचता येणं, मग डॉक्टरला प्रश्न विचारता येणं, मग ऐकलेल्यावर शंका घेता येणं. २०११ मध्ये युरोपातल्या आठ देशांत ४७ प्रश्नांची पाहणी झाली. कोरोनात जर्मनीत तिचीच २२ प्रश्नांची आवृत्ती आली. तुमच्या ताईंचे प्रश्न बहुतेक त्याच घराण्यातले असतील.

गंमत म्हणजे खुद्द जर्मन लोक याला साक्षरता म्हणतच नाहीत. त्यांचा शब्द 'गेझुंडहाइट्सकॉम्पेटेन्त्स', म्हणजे आरोग्याबाबतची क्षमता. म्हणजे आपण जर्मन वस्तू इंग्रजी खोक्यात घालून मराठीत आणतोय.

वेलांटी
मग 'आरोग्यक्षमता' करू?

डॉक्टरीणबाई
नको. हेडसरांना वाटेल पन्हाळ्याच्या पायऱ्या चढायला लावताय.

पेठकरी
'आरोग्य' या शब्दाचंच काय ते आधी बघा. 'अरोग'चं भाववाचक ते आरोग्य, रोग नसणं. पण महापालिकेच्या हिशेबी आरोग्य निरीक्षक म्हणजे गटारं नि कोंडाळी बघणारा. आमच्या आईला 'आरोग्यवाले आलेत' म्हटलं की ती बादली घेऊन खाली जाते. उद्या तुमची प्रश्नावली बघून कुणी ओल्या-सुक्या कचऱ्याची माहिती भरून दिली तर बोलू नका.

शिवाय कोल्हापुरात आरोग्याचे शब्द धोक्याचेच. एका शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "माणूस बेशुद्ध पडला, श्वास नाही, काय द्याल?" उत्तर आलं नाही म्हणून त्यांनीच सांगितलं, "सीपीआर." मागनं एक गुरुजी: "तिकडं न्यायला आधी रिक्षा बघा की." बाई पाच मिनिटं छाती दाबायचं सांगत होत्या आणि निम्मा वर्ग भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे दवाखान्यात पोचला होता.

निवृत्त खडू
मी पण मुख्याध्यापक होतो (वरचे सर मी नव्हे). साक्षरता मोजायची तर मे २०२० ला मोजायची होती. मुंबई-पुण्याची माणसं गावाकडं परतली आणि आमची शाळा त्यांना राहायला दिली. चौथीच्या वर्गात बाकं भिंतीला, मध्ये सतरंज्या. एकाच दिवशी वरून दोन कागद आले. एकात 'अलगीकरण', दुसऱ्यात 'विलगीकरण'. ग्रामसेवक विचारतोय, "सर, हे एकच का दोन?" मी शब्दकोश काढला. त्यात दोन्हींचा अर्थ आपला 'वेगळे करणे'.

पुढं एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं: बाधिताच्या जवळ आलेला पण अजून बरा असलेला, त्याचं अलगीकरण. ज्याला झालाय, त्याचं विलगीकरण. दोघांना एका वर्गात ठेवलं की संपलं. एका अक्षरात एवढा जीव अडकलेला, आणि मुंबई सोडून आलेली पोरं फळ्याखाली पत्ते खेळतायत. मी फळ्यावर खडूनं लिहिलं, 'इथले: बरे. समाजमंदिरातले: आजारी.' तेच सगळ्यांना कळलं.

डॉक्टरीणबाई
सर, अगदी बरोबर फोड. अलगीकरण म्हणजे क्वारंटाईन, विलगीकरण म्हणजे आयसोलेशन. वर्तमानपत्रांतही दोन्हींची सरमिसळ होत होती.

पेठकरी
गावात सरळ 'कोरंटाईन' म्हणायचे आणि कुणाचा गोंधळ व्हायचा नाही. मूळ शब्द व्हेनिसकडचा, चाळीस दिवस बंदरात थांबवलेली जहाजं. चाळिशी म्हणायला हवं होतं खरं तर, पण ती आपल्याकडं नाकावर असते.

मोडीप्रेमी
म्हणजे परकीय शब्द सोपे आणि मराठी अवघड, असंच ना? शब्द वाईट नव्हते, ते बनवणाऱ्यांनी समजावून सांगितले नाहीत.

गुऱ्हाळकर
भावा, राजाराम कॉलेजात शिकवलेले कवी माधव जूलियन आठवा. १९२५ ला फार्शी-मराठी कोश केला, गझल मराठीत रुजवली, आणि तेच पुढं भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. एका माणसात दोन्ही बाजू मावल्या, आपलं या धाग्यात मावेना.

मूळ प्रश्नावर: चार क्रियापदांतलं तिसरं, खरं-खोटं ठरवणं, त्याला 'मूल्यमापन' लिहू नका, शिक्षकाला गुणपत्रक दिसतं. 'पारखणं' लिहा. आमचे आजोबा गुळव्या होते. काहिलीतला पाक उलथन्यावर घ्यायचे, थेंब गार पाण्यात सोडायचे आणि बोटांनी गोळी वळून बघायचे. काहील चुलवाणावरून कधी उतरवायची ते त्या गोळीवर. क्षणभर उशीर झाला की सबंध आधण करपलं. व्हॉट्सॅपवर आलेला काढा पोरांना सांगायचा की नाही, हे त्याच जातीचं काम. 'आरोग्याची पारख', शोधताय तो शब्द हाच.

वेलांटी
'पारख' आवडला! पण 'पारखा' म्हणजे मुकलेला, तो याच कुळातला का? 'आरोग्याला पारखे मुख्याध्यापक' असं कुणी वाचलं तर पंचाईत.

मोडीप्रेमी
कुळ वेगळं. पारख आली 'परीक्षा'वरून, प्राकृतात 'परिक्खा'. पारखा 'पर'वरून, परका त्याच घरचा. तरी 'पारख' अपुरीच. माहिती मिळवणं आणि वापरणं त्यात कुठं आलं? चारातल्या एका बोटाला अख्खा हात म्हणताय.

निवृत्त खडू
शब्द कुठलाही घ्या, 'मुख्याध्यापक' कुणाला म्हणणार ते आधी ठरवा. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर पोरं असली तर स्वतंत्र मुख्याध्यापक. वाडीवरच्या शाळेत गुरुजी दोन, त्यातला ज्येष्ठ तो प्रभारी. तोच शिकवतो, खिचडीचा हिशेब ठेवतो, कोरोनात ऑक्सिमीटर घेऊन घरं फिरतो. 'शाळेचं नेतृत्व' म्हटलं तर तो मागं वळून बघेल कोण आलंय ते.

आणि ताई, तुमच्या चार खान्यांचं सांगतो. वर जाणाऱ्या कागदावर 'अवघड गेलं' लिहायची आम्हाला सवय नाही. एकतर 'होय', नाहीतर 'निरंक'.

डॉक्टरीणबाई
ही खरी मेख. प्रश्नावली मोजते ती किती अवघड *वाटलं* ते. ज्याला सगळं फार सोपं वाटलं तो जाणकार की बेफिकीर, हे कागद सांगत नाही. म्हणूनही मथळ्यात 'साक्षरता' जड वाटते.

मोडीप्रेमी
मथळा बदलून मोजमाप सुधारत नाही.

पेठकरी
'निरंक' कुठून आला पण? निर् अधिक अंक कळतंय, पण सरकारी कागदाबाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आमचे वडील पतपेढीत होते, ते 'निल' म्हणायचे.

गुऱ्हाळकर
बाजार समितीतपण 'निल'च.

वेलांटी
आज मथळा काढून 'कोरोनाकाळातली माहिती आणि तुमचा अनुभव' एवढंच घातलं आणि परत गेले. सरांनी या वेळी सगळे खाने भरले, एकूण एक 'सोपं'. खरं-खोटं पारखण्याच्या प्रश्नावर पेन थोडा वेळ थांबलं होतं, मग तिथंही 'सोपं'. शेवटी 'इतर काही सांगायचे असल्यास' म्हणून मोकळी जागा आहे. तिथं सुंदर वळणदार अक्षरात 'निरंक', खाली सही.

मोडीप्रेमी, बहीण म्हणते प्रबंधाच्या नावात 'आरोग्यसाक्षरता' राहणार, मार्गदर्शकांना तेच हवंय. जोडून लिहायला सांगते.

पेठकरी
ते असू दे. निरंक मोल्सवर्थच्या कोशात आहे का, कुणी बघितलं?