व्हेरिएशनलला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम: एका प्रबंधाचा सारांश मराठीत करतोय आणि शीर्षकातच अडलोय. नॉनलिनिअर इलिप्टिक सिस्टिम्सच्या (म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या डिफरन्शियल समीकरणांच्या) उकलींचं अस्तित्व, व्हेरिएशनल पद्धतीने. अरैखिक ठीक, उकल ठीक. लंबवर्तुळीय लिहिलं तर गाईड विचारतात लंबवर्तुळ दिसतंय कुठे? व्हेरिएशनलला एकाने विचरण सुचवलं, ते गुरं मोकळी सोडल्यासारखं वाटतं.

खडूफळा: दिसत नाही पण नाव तिथूनच आलंय. दोन चलांच्या समीकरणात दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डेरिव्हेटिव्हचे सहगुणक ए, बी, सी घ्या, बी वर्ग वजा चार एसी काढा, दहावीतला विवेचकच की, ऋण आला तर इलिप्टिक, शून्य तर पॅराबोलिक, धन तर हायपरबोलिक. म्हणून विवृत्तीय, अन्वस्तीय, अपास्तीय.

निमसंस्कृत: अपास्तीय!! वाचणारा पळून जाईल. इलिप्टिकच ठेवा.

खडूफळा: इलिप्टिक वाचून तरी कुणाला काय कळतं, फक्त सवय झालीये.

वाटाड्या: व्हेरिएशनलकडे या. समीकरण थेट सोडवत नाहीत, अख्ख्या फंक्शनला एक आकडा देणारं फंक्शनल घेतात, फंक्शन जरासं हलवून बघतात, आकडा पहिल्या पायरीला जागचा हलला नाही की तीच उकल, निदान वीक, म्हणजे जरा सैल अर्थाने. मग विचलन का नको?

अर्धविराम: ते स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी आधीच पळवलंय. प्रमाण विचलन.

वाटाड्या: बरं, मग माउंटन पास थिअरमला, म्हणजे आकडा न हलणारी अशी जागा आहेच हे दाखवणाऱ्या प्रमेयाला, काय लिहिलंयत? अँब्रोसेट्टी आणि रॅबिनोवित्झ, १९७३. मी घाट-प्रमेय म्हणेन.

निमसंस्कृत: घाट म्हणजे अख्खा रस्ता हो, शिवाय नदीलाही घाट असतो. इथे पाहिजे ती खिंड. वाटेवरचं सगळ्यात उंच पण डोंगररांगेतलं सगळ्यात बुटकं ठिकाण, प्रमेयात तेच तर शोधतात.

वाटाड्या: मग सॅडल पॉइंट, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली जाणारी जागा, खोगीरबिंदू का? परीक्षक म्हणतील प्रबंधात खोगीरभरती केलीये :)

खडूफळा: पण प्रश्न सिस्टिमचा आहे ना. यू आणि व्ही ही दोन अज्ञात फंक्शन्स, यूच्या लाप्लासियनला (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या बेरजेला) व्हीचा घात आणि व्हीच्याला यूचा अशी जोडी असली की फंक्शनल अनंत दिशांनी वर आणि अनंत दिशांनी खाली जातं, तिथे साधी खिंड पुरत नाही. लिंकिंग लागतं, म्हणजे दोन संच एकमेकांत अडकलेले, बेंची-रॅबिनोवित्झ, १९७९. त्याला गुंफण म्हणा.

वाटाड्या: गुंफण उसवता येते. अडकण म्हणा, एक हलवलं तरी दुसऱ्यातून सुटत नाही हा तर मुद्दाय.

अर्धविराम: शीर्षकाचं बघता का कुणी, उद्या द्यायचंय.

निमसंस्कृत: खिंड मला तरी खंडवरून आलेला वाटतो, रांगेत खंड पडला ती खिंड. खिंडारही त्यातलंच.

वाटाड्या: खिंडार भिंतीला पडतं, ते पाडावं लागतं. खिंड असतेच.