मदत हवी आहे : कुटुंबाचा नाताळ २५ डिसेंबरच्या आधी कसा साजरा करावा?

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या घरचा नाताळ २५ डिसेंबरच्या आधीच्या एका रविवारी साजरा करावा, असे बहुतेकांचे मत पडले आहे आणि त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. मुलगी रुग्णालयात परिचारिका असून नाताळच्या आठवड्यात तिला रात्रपाळी लागली आहे, धाकट्या भाऊजींना त्याआधीच बोटीवर रुजू व्हायचे आहे, आणि सगळेच घरी असतील असा दुसरा दिवस त्या महिन्यात उरलेला नाही. तारखेसाठी माणसे सोडावीत की माणसांसाठी तारीख, एवढाच प्रश्न असता तर मी हा धागा काढला नसता.

पहिली अडचण सासूबाईंची आहे. त्यांचा विरोध नाही, पण "बाळ जन्मायच्या आधीच बारसे करता का रे?" असे त्यांनी एकदा विचारले आणि नंतर त्या गप्प बसल्या. त्यांच्या मनात नाताळ म्हणजे आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात) वाट पाहणे, मध्यरात्रीची उपासना आणि मग सण, हा क्रम पक्का बसलेला आहे. तो क्रम मोडला तर सण पोकळ होतो, असे त्यांना वाटत असावे, आणि त्यात तथ्य नाही असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. गव्हाणीचा देखावा त्या दिवशी मांडावा का, मांडला तर बाळ येशूची मूर्ती त्यात ठेवावी का, जन्माचा उतारा वाचावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दुसरी अडचण मला अधिक सतावते आहे. या निमित्ताने भेटवस्तूंचा पसारा कमी करून, रोजच्या आयुष्यात आपल्याला जे न मागता मिळते त्याची उपकारस्तुती करावी, अशी सर्वांची इच्छा आहे. इच्छा चांगलीच आहे. परंतु असा प्रयत्न मागेही एका कौटुंबिक जेवणाच्या वेळी झाला होता. प्रत्येकाने आळीपाळीने उठून आरोग्य, कुटुंब आणि देवाची कृपा यांबद्दल आभार मानले, आणि पुतण्याची पाळी येईपर्यंत सगळे शब्द संपलेले असल्यामुळे तो "माझेही तेच" म्हणून खाली बसला. सगळे हसले, पण मला तरी त्या संध्याकाळचे सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच वाटले.

खरे सांगायचे तर आमच्या घरात आभार मानण्यासारख्या गोष्टींची वाण नाही. सासूबाईंच्या गोळ्या माझ्या जाऊबाई रोज रात्री डबीच्या कप्प्यांत लावून ठेवतात. सकाळची पांढरी, जेवणानंतरची अर्धी तोडलेली, झोपतानाची वेगळ्या कागदात गुंडाळलेली, आणि हे करताना त्या कोणाशी बोलत नाहीत, कारण बोलले की मोजणी चुकते. वर्षानुवर्षे चाललेल्या या कामाबद्दल त्यांना कोणी एक शब्दही बोललेले मला आठवत नाही. अशा गोष्टी त्या दिवशी समोर याव्यात, पण ज्यांचे आभार मानायचे ते संकोचून जाऊ नयेत आणि मुलांना ती शाळेतली वक्तृत्व स्पर्धा वाटू नये, असा काही मार्ग आपल्यापैकी कोणी अवलंबला आहे का?

आणखी एक गोष्ट, जी ठरवाठरवीच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. सण अलीकडे घेतला म्हणून २५ तारीख कॅलेंडरातून नाहीशी होत नाही. त्या दिवशी मुलगी रात्रपाळी करून झोपलेली असेल, भाऊजी समुद्रावर असतील, बाकीचे आपापल्या गावी परतलेले असतील आणि सासूबाई घरात असतील. ज्यांना दूर जायचे आहे त्यांची सोय आपण पाहिली, पण मागे राहणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला आलेल्या रिकाम्या दिवसाचे काय करावे, हे कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

आपल्या सासूबाईंचा आक्षेप योग्य जागी आहे, मात्र तो तारखेपेक्षा क्रमाविषयी आहे असे मला वाटते. तारखेचे म्हणाल तर बायबलमधील मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत येशूची जन्मकथा आहे, पण दिवस किंवा महिना कुठेच दिलेला नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ची मानली जाते. आजही आर्मेनियाची प्रेषितीय मंडळी (चर्च) ६ जानेवारीला जन्मोत्सव करते, आणि ज्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुने ज्युलियन कॅलेंडर पाळतात त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. त्यामुळे एकत्र येण्याचा दिवस बदलल्याने काही बिघडत नाही.

पण आगमनकाळ हा वाट पाहण्याचाच काळ आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि त्याचे चार रविवार असतात. आपला दिवस त्यांपैकीच एक असेल, तर आगमनकाळात दर रविवारी एक लावतात त्यांतली त्या रविवारची मेणबत्ती सर्वांनी मिळून लावा, मरीयेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा उतारा वाचा आणि जन्माचा उतारा राखून ठेवा. गव्हाणीचा देखावा जरूर मांडा, मेंढपाळ, गुरे, मरीया, योसेफ सगळे असू देत, फक्त गव्हाणी रिकामी ठेवा. अनेक घरांत एरवीही बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच ठेवली जाते. ती मूर्ती ठेवण्याचे काम सासूबाईंकडे सोपवले, तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचेही थोडे उत्तर मिळेल. शिवाय नाताळचा काळ २५ तारखेला संपत नाही, तो तिथून सुरू होऊन ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनीपर्यंत, म्हणजे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आल्याच्या सणापर्यंत) चालतो, म्हणजे ज्यांना शक्य आहे त्यांना त्या दिवसांतही येता येईल.

प्रतिसाद २

आभाराच्या प्रश्नाबद्दल लिहितो. आळीपाळीने उठून बोलण्याचा प्रकार कृपया टाळा, कारण त्यात माणूस आभार मानण्याऐवजी आपली पाळी निभावत असतो.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३चा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात काही लोकांना आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, काहींना त्रासाच्या आणि काहींना साध्या घडामोडी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील लोक आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. म्हणजे ही सवय एका संध्याकाळच्या समारंभाची नाही, थोडक्यात आणि लिहून करण्याची आहे. तुमच्या कामाचा दुसरा अभ्यास अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा, २०१८चा. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटते की वाचणारा अवघडून जाईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला तितका संकोच वाटत नाही आणि आनंद मात्र अपेक्षेपेक्षा बराच जास्त होतो.

म्हणून प्रत्येकाने घरातल्या एकाच व्यक्तीला चार ओळींची चिठ्ठी लिहावी, सोडत काढून नावे वाटून घ्यावीत म्हणजे कोणी राहून जाणार नाही, आणि चिठ्ठीत त्या व्यक्तीचे एकच काम नेमके लिहावे, अशी अट घाला. "तुम्ही आमच्यासाठी खूप करता" हे वाक्य बाद. गोळी अर्धी तोडण्याचा उल्लेख मात्र चालेल. चिठ्ठी ज्याची त्याने एकांतात वाचावी, तिचे जाहीर वाचन होऊ नये. पुतण्याला चिठ्ठीपेक्षा चित्र काढणे किंवा कोणाचे तरी एखादे काम आठवडाभर करणे सोपे वाटत असेल, तर तेही आभारच समजावेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रिकाम्या गव्हाणीची कल्पना सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच "मूर्ती माझ्या कपाटात ठेवायची" असे बजावले, त्यामुळे तो प्रश्न सुटला असे धरते. चिठ्ठ्यांमध्ये मी थोडा बदल करणार आहे. सासूबाईंच्या नावाची चिठ्ठी सर्वांनी मिळून लिहावी आणि त्यांना ती २५ तारखेला सकाळी मिळावी, असे ठरवले आहे. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घेणे त्यांना आवडत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून द्यावे की मोठ्या अक्षरांत लिहावे, याविषयी ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी आपला अनुभव सांगावा.