अहवाल नेमका कुणासाठी लिहिता?

निळी छत्री
काल थेरपीवाली यांनी लिहिलं की पालकांनी जरा कष्ट घेऊन थेरपीच्या अहवालातल्या संज्ञा शिकाव्यात, सगळंच सोपं करत बसलं तर शास्त्र पातळ होतं. तिथेच उत्तर द्यायला घेतलं, पण डोकं इतकं तापलं की वेगळा धागा काढतेय.

माझा मुलगा सहा वर्षांचा, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी. गेल्या महिन्यात चार पानी अहवाल हातात पडला. स्पास्टिक डायप्लेजिया, ग्रॉस मोटर डिले, एडीएलमध्ये मॉडरेट असिस्टन्स आणि शेवटी 'होम प्रोग्रॅम कंटिन्यू'. रात्री अकरापासून एक वाजेपर्यंत गूगल केलं. सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" म्हटलं, "चालू ठेवा म्हणतात." "काय चालू ठेवा?" ते मलाच कुठे माहीत होतं!

शेवटी थेरपी केंद्रातल्या मदतनीस मावशींनी सांगितलं. जेवायला बसवाल तेव्हा पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळू देऊ नका. पँट घालताना जो पाय जास्त ताठ तो आधी, काढताना तो शेवटी. बस, एवढंच. चार पानांत एवढ्याला जागा नव्हती?

थेरपीवाली
माझंच नाव घेतलंय म्हणून लिहिते. अहवाल फक्त तुमच्यासाठी नसतो. पुढचा डॉक्टर, शाळा, अपंगत्वाचा दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड, सगळे तोच वाचतात. स्पास्टिसिटी आणि रिजिडिटी, मराठीत दोन्हीला 'ताठरपणा'च म्हणतात. कारणं वेगळी, उपचार वेगळे. मी 'पाय ताठ' एवढंच लिहिलं आणि पुढे गोंधळ झाला तर कुणाच्या नावाने शंख कराल? आणि हेच पालक बोर्डाच्या आदल्या दिवशी येऊन म्हणतात, "मॅडम, जरा टेक्निकल लिहून द्या, वजन पडतं."

निळी छत्री
संज्ञा काढा असं मी कुठे म्हटलं? वर तुमचं शास्त्र ठेवा, खाली आमच्यासाठी दोन ओळी लिहा.

सातपुडा
थेरपिस्ट परवडल्या, सरकारी पत्रं बघा. 'सदरहू लाभार्थ्याने हयातीचा दाखला विहित नमुन्यात विहित मुदतीत सादर न केल्यास अनुदान स्थगित करण्यात येईल.' आमच्या शेजारच्या आजोबांना दिसत नाही, नातवाने हे वाचून दाखवलं. नमुना म्हणजे रक्ताचा की लघवीचा, हे विचारायला दोघं आधी सरकारी दवाखान्यात गेले. खरंच गेले! तोवर मुदत संपली आणि संजय गांधी योजनेचे पैसे तीन महिने अडकले.

आणि हो, 'दिव्यांग' या शब्दावर कुणीच कसं बोलत नाही? डिसेंबर २०१५ मध्ये 'मन की बात'मधून सुचवला गेला आणि पुढे सगळ्या पाट्या बदलल्या.

कोपऱ्यातला
बोलतो की. पोलिओ, वय ५१, दोन कुबड्या. मला अपंग म्हणा, चालेल. माझं कुठलं अंग दिव्य आहे ते कुणीतरी दाखवा, मी रोज त्याला हार घालीन.

मोगरा
तुम्हाला चालत असेल हो, आम्हाला नाही. माझ्या धाकट्या बहिणीला गल्लीत 'मतिमंद' याच नावाने हाक मारायचे. कागदावरही तेच. आई फॉर्म भरताना तो रकाना आला की पेन बाबांच्या हातात द्यायची. आता 'बौद्धिक दिव्यांगत्व' लिहितात, आणि पूर्ण फॉर्म आई स्वतः भरते. तुम्हाला शब्दाची थट्टा सुचते.

कोपऱ्यातला
बरं, तुमच्या आईपुरतं मागे घेतो. फक्त आईपुरतं. पाटी बदलायला पैसे निघतात, रॅम्पला निघत नाहीत, हे बोलणारच. एका कार्यालयात 'दिव्यांग कक्ष' पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट नाही. पाटीवर खाली ब्रेल आणि वरून काचेची फ्रेम! आंधळ्याने काच चाचपायची?

थेरपीवाली
राज्यात दिव्यांगांसाठी वेगळ्या सरकारी विभागाची मागणी किती जुनी होती, तो २०२२ च्या डिसेंबरात झाला. काहीच होत नाही हा सूर बरोबर नाही. आणि विषय अहवालांचा होता ना? की आता पाट्या रंगवायच्या?

सातपुडा
विषय भाषेचा आहे मॅडम. तुमच्याबद्दल नसला की तो विषयच नव्हे का?

हातवारे
माझे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांची भाषा खुणांची, लिहिलेली मराठी त्यांना परकीच. 'दुभाष्याची व्यवस्था करण्यात येईल' असं पत्र आलं. मी खुणा करून सांगायला लागलो, तर बाबांनी विचारलं, "कोण करणार?" पत्रात कोणीच नव्हतं. तीनदा विचारलं, मग पत्र घडी करून खिशात घातलं. गेलेच नाहीत.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात 'संवाद'ची जी व्याख्या आहे, तिच्यात ब्रेल आणि खुणांच्या भाषेच्या रांगेत सोपी भाषाही आहे. आम्ही मेहरबानी मागत नाही.

थेरपीवाली
त्याच कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ते मला नावानिशी लिहावे लागतात. तेही वाचा.

कोपऱ्यातला
मला तर सोप्या भाषेवाल्यांचीच जास्त भीती वाटते. परवा खिडकीवरच्या बाईंनी मला सोडून भाच्याला विचारलं, "काकांना सही येते का?" मी बावीस वर्षं लोकांचे हिशेब तपासतोय! मग माझ्याकडे बघून मोठ्याने, तोडून तोडून, "इ-थं स-ही क-रा हं."

निळी छत्री
दादा, ती सोपी भाषा नव्हे. ते बोबडं बोलणं झालं. सोपं लिहायला समोरच्याला शहाणा धरावं लागतं.

कोपऱ्यातला
हे पटलं. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

थेरपीवाली
दोन दिवसांनी परत आलेय. तुमच्या समाधानासाठी आज एका अहवालाखाली तीन ओळी मराठीत लिहिल्या. सात मिनिटं गेली. दिवसाला चौदा मुलं असतात, गुणाकार करा.

निळी छत्री
अठ्ठ्याण्णव मिनिटं. माझी एकटीची त्या रात्री एकशेवीस गेली होती. ओळी दाखवा तरी.

थेरपीवाली
'जमिनीवर मांडी घालून बसवा, डब्ल्यू करून बसू देऊ नका. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं टेबलाला धरून उभं करा, खेळणं टेबलावर ठेवा. पाय दुखतो म्हणाला तर ताणू नका, मला फोन करा.' झालं समाधान?

सातपुडा
छान आहे. डब्ल्यू करून म्हणजे कसं?