साडेनऊ महिन्यांच्या बाळाची ब्लड टेस्ट आहे, तयारी काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पिल्लू साडेनऊ महिन्यांचं आहे. परवा गोवराच्या डोसला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, तळहात बघितले आणि म्हणाले जरा फिकट वाटतोय, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा) करून घ्या. घाबरू नका म्हणाले, पण असं म्हटलं की आपण घाबरतोच ना. बाहेर एवढी गर्दी होती की काही विचारायचं सुचलंच नाही, आता घरी आल्यावर एकेक प्रश्न पडतोय.

खाण्याचं म्हणाल तर अजून सगळा भर अंगावरच्या दुधावर, नाचणीचं सत्व चार चमचे जातं, वरणभात निम्मा बाहेर.

आई म्हणते रक्त तपासायचं तर उपाशीच न्यायला हवं. सासूबाई म्हणतात टोचायच्या आधी मधाचं बोट चाटव, रडणार नाही. नवरा म्हणतो कशाला न्यायचं, घरीच लॅबवाला बोलवू. आणि शेजारच्या ताईंच्या मुलीला दोन्ही हातांना टोचूनसुद्धा रक्त धड आलं नाही, वर दुसऱ्या दिवशी फोन की सँपल क्लॉट झालंय परत या, ते ऐकल्यापासून माझं धाबं दणाणलंय. लसीची सुई काय, आत गेली बाहेर आली. इथे हात धरून ठेवायचा म्हणजे तो आकांत करणार. काय करू सांगा प्लीज.

सुईदोरा:
ताई, मी लॅबमध्ये कलेक्शनलाच आहे, लहान मुलं रोज असतात. उपाशी अजिबात आणू नका, या दोन्ही टेस्टना उपाशीपोटी लागत नाही. उलट दूध कमी प्यालेलं बाळ आणलं की नस दबलेली असते, शोधूनही सापडत नाही. मात्र अगदी दारात पोट टच्च भरू नका, रडता रडता ओकतात. अर्धा-पाऊण तास आधी पाजा.

सकाळी कोमट पाण्याने अंघोळ घाला, हात गरम राहतील असे कपडे घाला. गारठलेला हात आला की आम्हालाच घाम फुटतो. आणि कृपा करून तेल चोपडून आणू नका हो, नसेवरून आमचं बोट सरकतं, चिकटपट्टी चिकटत नाही, बाळाचा हात माशासारखा निसटतो. मनगटातले काळे मणी घरीच काढून ठेवा, या वयात बऱ्याचदा हाताच्या पाठीवरची नस घ्यावी लागते. झबल्याच्या बाह्या सैल हव्यात.

क्लॉट का होतं तर सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, पण रक्त थेंबथेंब आलं की ते ट्यूबपर्यंत पोचायच्या आधीच गोठायला लागतं. तसंच मशीनला लावलं तर प्लेटलेट खोट्या कमी दिसतात, त्यामुळे परत बोलावतात ते बरोबरच आहे. आधी फोन करून एवढंच विचारा की लहान मुलांचं रक्त रोज घेणारा माणूस कधी असतो आणि मुलांची छोटी ट्यूब आहे का. छोट्या ट्यूबला सीबीसीसाठी अर्धा मिली पुरतं. फेरिटिनची ट्यूब वेगळी, तरी सगळं मिळून दोन मिलीच्या आसपास. साडेआठ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ६८० मिली रक्त असतं, तेव्हा "एवढंसं बाळ आणि एवढं रक्त" असं मनात आणू नका.

घरी बोलावण्याबद्दल, येणारी मुलं चांगली असतात पण एकटी असतात, धरायला कोणी नाही, उजेड नाही. माझं मत लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या लॅबलाच जा. दोनदा नस नाही मिळाली तर थांबवा आणि दुसऱ्याला बोलवा म्हणा. संकोच करू नका.

चिऊची आई:
मध नको गं बाई!! वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचाच नाही, बोटभर पण नाही, बोट्युलिझमचा (जंतूच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका असतो. सासूबाईंना डॉक्टरांनीच सांगितलंय म्हण, म्हणजे विषय संपला.

वरच्या दादांशी एका बाबतीत सहमत नाही. आमच्या डॉक्टरांनी टोचतानाच पाजायला सांगितलं होतं. आधी पाजून नेऊ नकोस, थोडं भुकेलं ठेव, दोन मिनिटं नीट चोखायला लागलं की मग हात पुढे कर. चिऊ रडली पण लगेच परत लागली. लॅबवाल्यांना जरा अवघडल्यासारखं होतं, त्यांना होऊ दे. अंगावर पीत नसेल तर काही हॉस्पिटलांत सुक्रोजचे, म्हणजे साखरपाण्याचे थेंब देतात. बधिर करायचं क्रीम पण मिळतं, लिडोकेन-प्रिलोकेनचं, तासभर आधी लावून वर पट्टी ठेवावी लागते. ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नकोस.

सुईदोरा:
पाजताना घ्यायला माझी ना नाही, फक्त दंडापासून हात मोकळा पाहिजे आणि धरणारं दुसरं माणूस पाहिजे. एक राहिलंच, गोवराच्या डोसनंतर आठवड्याभराने काही बाळांना ताप येतो. तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणजे लोह कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल. ताप आला तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकला.

धागाकर्ती:
बापरे, हे तर माहीतच नव्हतं. सासूबाई गप्प झाल्या आहेत, सध्यापुरत्या. आता हात कोण धरणार हा प्रश्न, कारण नवरा लसीच्या वेळीसुद्धा बाहेर जाऊन उभा राहतो. आणि रिपोर्ट आला की मी गूगल करत बसणार हे मला माहितीये.

आजोळ:
मग आजीला न्या, आज्या खंबीर असतात. माझ्या नातवाच्या वेळी मीच धरला होता, एक हात कोपराच्या वर, एक मनगटाशी, आणि तोंडाने काऊ-चिऊ चालू. "झालं झालं" म्हणत बसू नका, संपेपर्यंत ते खोटंच असतं.

रिपोर्टचं सांगते. बऱ्याच लॅब शेजारी मोठ्या माणसांच्या रेंज छापतात. लिम्फोसाइट्स म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांच्यापुढे वाढल्याची खूण दिसेल, तर या वयात ते जास्तच असतात. हिमोग्लोबिन १२-१३ शी ताडून बघू नका, जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांसाठी १०.५ ही सीमा धरली आहे, त्याआधी ११ होती. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी आला तर बहुतेकदा लोहाचीच कमतरता असते, पण क्वचित थॅलेसेमिया मायनर (आईबापांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष) पण निघतो. ते डॉक्टर बघतील, तुम्ही रात्री दोनला बघू नका. आणि घरात आयर्नचे ड्रॉप्स पडले असतील तर आपल्या मनाने सुरू करू नका.

धागाकर्ती:
ड्रॉप्स आहेत खरे, जावेने दिलेले. ठेवून देते. आईला तयार केलंय, सोमवारी जाऊ. दादा, नंतर हात काळानिळा पडू नये म्हणून काही?

सुईदोरा:
कापूस तीन-चार मिनिटं नुसता दाबून धरा, चोळू नका, कोपर दुमडू नका. तरी थोडं निळं पडलं तर आपोआप जातं. आणि चिकटपट्टी रक्त थांबलं की आठवणीने काढा, नाहीतर ती पहिली तोंडात जाते, घशात अडकेल.