सोयाबीनवर युरिया फवारला तर मुळावरच्या गाठी बंद पडतात का?

हिरवापाला:
सोयाबीन 35 दिवसांचं, बियाण्याला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावलेलं. पानं पिवळी पडतायत. 2 टक्के युरिया फवारू का? गाठींना आणि मुळाभोवतीच्या जिवाणूंना धक्का बसेल का? सोबत 0:52:34 (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) चालेल?

काळीआई:
आधी गाठी बघा. झाड उपटलं तर गाठी मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्याने मातीसकट काढा, बादलीत भिजवा, मग धुवा. मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र स्थिर होतंय, म्हणजे हवेतलं नत्र झाडाला मिळतंय. पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर नाही. पाणी साचलं असेल तर गाठी गुदमरतात, आधी चर काढा. पिवळेपणा खालच्या पानांवर आहे की शेंड्याला, तेही सांगा.

2 टक्के म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. एकरी 10 पंपांत 3 किलो युरिया, नत्र जेमतेम 1.4 किलो. एवढ्याने गाठी बंद पडत नाहीत. जमिनीत 50 किलो टाकलात तर 23 किलो नत्र मुळाशी जातं, त्याचं नायट्रेट झालं की झाड गाठींची साखर तोडतं. खरा धोका तो.

पानदेठ:
पानावरचं खत जिवाणूंपर्यंत थेट फारसं पोचत नाही. पान सुधारलं की मुळांतून साखर आणि सेंद्रिय आम्लं जास्त झिरपतात, जिवाणू त्यावर पोसतात. पान करपलं की उलटं. म्हणून फवारणी संध्याकाळी, ओघळ येईपर्यंत नको, आणि युरियात बायुरेट (पान करपवणारी अशुद्धी) कमी हवं.

0:52:34 आत्ता नकोच. झाडात स्फुरद भरपूर झालं की ते मायकोरायझा बुरशीला (मुळांना स्फुरद आणून देणारी) पोसत नाही, तिचा मुळांवरचा पसारा घटतो. शेंगा भरताना लिटरला 5 ग्रॅमची एखादी फवारणी चालते.

हिरवापाला:
गाठी गुलाबी आहेत. पिवळेपणा शेंड्याला, शिरा हिरव्या.

काळीआई:
मग युरिया राहू द्या, ही लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग 5 ग्रॅम फेरस सल्फेट. द्रावण तांबूस झालं तर वापरू नका. 0:52:34 मिसळलंत तर साका बसून नोझल तुंबेल. लोह नव्या पानांत सरकत नाही, 8-10 दिवसांनी पुन्हा फवारा.

पानदेठ:
जमीन आम्लधर्मी असेल तर मात्र मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडतं, आणि त्याशिवाय गाठींना नत्र स्थिर करता येत नाही. ते पानातून मुळाकडे उतरतं: अमोनियम मॉलिब्डेट लिटरला अर्धा ग्रॅम, एकदाच. पाला जनावरांना घालणार असाल तर मात्रा वाढवू नका, जास्त मॉलिब्डेनमने त्यांच्यात तांब्याची कमतरता होते.